उलट्या ऋतूंचे बेट : कोकणातील गिरमिटिया मजूर मॉरिशसमध्ये कसे रुजले?

१/
नकाशावर मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १९ अंशांवर आहे. मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे २० अंशांवर. मध्ये साधारण ४,६०० किलोमीटरचा समुद्र. म्हणजे ही दोन बंदरे एकमेकांची जणू आरशातली प्रतिबिंबे आहेत. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी आणि आसपासच्या मुलखातून हजारो माणसे या आरशातून पलीकडे गेली. स्थलांतराच्या इतिहासात जहाजे, करार आणि मजुरीचे दर यांची चर्चा पुष्कळ होते. पलीकडे पोहोचल्यानंतरचा रोजचा दिवस कसा होता, हा प्रश्न मात्र मागे राहतो. हा धागा त्या रोजच्या दिवसाविषयी आहे.

२/
प्रथम बेटाची ओळख. मॉरिशसचे मुख्य बेट सुमारे १,८६५ चौरस किलोमीटरचे, म्हणजे आजच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही लहान. येथे मूळचे रहिवासी असे कोणीच नव्हते. १५९८ मध्ये डचांनी त्याला आपल्या राजपुत्राचे, मॉरिसचे, नाव दिले. १६३८ मध्ये त्यांनी वसाहत केली आणि पुढच्याच वर्षी जावाहून ऊस आणला. डोडो पक्षी नामशेष झाला तोही याच शतकात. १७१० मध्ये डच निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंच आले आणि १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले. जिंकताना फ्रेंच वसाहतवाल्यांचे कायदे, भाषा आणि रीतिरिवाज कायम ठेवण्याचे त्यांनी मान्य केले. ही अट पुढे फार महत्त्वाची ठरली.

३/
१८२५ मध्ये ब्रिटनने मॉरिशसच्या साखरेवरील जकात वेस्ट इंडिजच्या साखरेइतकी केली. त्याबरोबर बेटावर उसाचे पेव फुटले. उसाला हात लागतात. ते हात आफ्रिका आणि मादागास्करहून पकडून आणलेल्या गुलामांचे होते. १ फेब्रुवारी १८३५ रोजी येथील गुलामगिरी कायद्याने संपली. त्यानंतरही मुक्त झालेल्यांना काही वर्षे ‘शिकाऊ’ म्हणून जुन्याच मालकाकडे राबावे लागले. १८३९ मध्ये तेही बंधन सुटले आणि बहुतेकांनी मळ्यांकडे कायमची पाठ फिरवली. आता मळेवाल्यांना नवे हात हवे होते. त्यांनी हिंदुस्थानाकडे नजर वळवली.

४/
सुरुवात त्याआधीच झाली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये, वर शिधा. ‘ॲग्रीमेंट’ या शब्दाचे लोकांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले आणि करारावर जाणारा तो गिरमिटिया. फसवणूक आणि छळाच्या तक्रारी वाढल्यामुळे मध्ये काही काळ ही भरती बंद पडली. १८४२ मध्ये ती सरकारी देखरेखीखाली पुन्हा खुली झाली. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून माणसे जाऊ लागली. १९१० पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास लोक गेले.

५/
तिन्ही बंदरांत मुंबईचा वाटा सर्वांत लहान होता आणि तो मुख्यतः १८४० ते १८६० च्या दशकांतला. परंतु त्यात रत्नागिरीचा भरणा मोठा. याचे कारण कोकणच्या जमिनीत आहे. खाचरे तुटपुंजी, खोतीचा बोजा आणि पावसाळ्याचे चार महिने सरले की रिकामे हात. त्यामुळे घरातील एखाद्याने बाहेर पडून पैसे धाडायचे, ही रीत कोकणात जुनीच. कोणी पलटणीत भरती होई, कोणी मुंबईच्या गोदीत, पुढे गिरणीत. मॉरिशस हा त्याच वाटेवरचा आणखी एक मुक्काम वाटला असल्यास नवल नाही. फरक एवढाच की मुंबईहून शिमग्याला घरी येता येत असे.

६/
जहाज पोर्ट लुईच्या धक्क्याला लागल्यावर मजुरांना ट्रू फानफारों खाडीकाठच्या स्थलांतर आगारात नेत. १८४९ पासून उभ्या राहिलेल्या या इमारतींत शिरताना दगडी सोळा पायऱ्या चढाव्या लागत. आगारात किमान दोन रात्री मुक्काम. तेथे प्रत्येकाला क्रमांक मिळे आणि नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरील खुणा, मूळ गाव यांची नोंद होई. त्यानंतर मळेवाल्याशी करार ठरे आणि बैलगाडीने किंवा पायी मळ्यावर रवानगी. कागदावर माणूस आता गावाने नव्हे, तर क्रमांकाने ओळखला जाणार होता.

७/
नावाचेही तेच. नोंदणी करणारा कारकून ऐकू येईल तसे लिहून घेई आणि ते इंग्रजी वा फ्रेंच वळणाने लिहिले जाई. कोकणात माणसाची ओळख गाव, वाडी, कूळ आणि आडनाव यांनी ठरत असे. येथे बापाचे पाळण्यातले नाव हेच पुढच्या पिढीचे आडनाव बनले. त्यामुळे आज मॉरिशसमधील मराठी कुटुंबांची आडनावे पाहिली, तर त्यांत ‘कर’ प्रत्यय क्वचितच आढळतो. त्याऐवजी ‘जी’ लागलेली पुरुषनावे दिसतात. ते वास्तविक पहिल्या उतरलेल्या पूर्वजाचे नाव असते. घराणे जणू त्या सोळा पायऱ्यांपासून नव्याने मोजले जाऊ लागले.

८/
आता मळ्यावरचा पहिला महिना. सर्वांत आधी गोंधळ उडाला असेल तो ऋतूंचा. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे चालतात. नोव्हेंबर ते एप्रिल हा उष्ण आणि पावसाळी काळ, मे ते ऑक्टोबर हा थंड आणि कोरडा. कोकणात आषाढात आभाळ फाटते. येथे आषाढ म्हणजे थंडी आणि आग्नेयेकडून वाहणारा जोरकस व्यापारी वारा. कोकणात माघ-फाल्गुनात समुद्र शांत असतो; येथे तेच दिवस चक्रीवादळांचे. तिळगुळाची उष्णता हवी ती थंडीसाठी, पण मकरसंक्रांत येते ऐन उन्हाळ्यात.

९/
आकाशही बदलले. कोकणात वर्षाचा बराच काळ माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. येथे तो उत्तरेकडे कललेला. घराची सावली उलट्या बाजूला पडते. रात्री ध्रुवतारा दिसतच नाही, कारण तो कायम क्षितिजाखाली. सप्तर्षी दिसले तरी उत्तरेला अगदी खाली. चंद्रकोरही ओळखीच्या कलाने टेकलेली नसते. सावलीवरून वेळ आणि नक्षत्रांवरून शेतीची कामे ठरवणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही किरकोळ बाब नव्हे. मृग नक्षत्रावर पेरणी करायची, हे ज्ञान कोकणात जगवणारे होते. येथे त्याचा काहीच उपयोग नव्हता.

१०/
तरीही पंचांग टाकून देण्यात आले नाही. महिने, तिथी आणि सण तेच राहिले. सणाचा हंगामाशी असलेला सांधा तेवढा तुटला. कोकणात गणपती येतात तेव्हा भाताची खाचरे हिरवीगार असतात आणि लावणीचे कष्ट संपून हातांना जरा उसंत असते. मॉरिशसमध्ये भाद्रपद म्हणजे ऊसतोडणीचा ऐन मोसम. तोडणी साधारण जूनमध्ये सुरू होते आणि वर्षअखेरपर्यंत चालते. म्हणजे गावी जो सण विश्रांतीच्या दिवसांत बसवलेला होता, तो येथे सर्वाधिक कामाच्या दिवसांत साजरा करायचा. त्यासाठी सुट्टी मागायची, आणि सुट्टी ही मळ्यावरची सर्वांत महाग गोष्ट होती.

११/
ती का महाग? याचे उत्तर ‘दुहेरी कपात’ या पद्धतीत आहे. मजूर एक दिवस गैरहजर राहिला तर त्याची दोन दिवसांची मजुरी कापली जाई. गैरहजेरीचे कारण आजारपण की सणवार, हे ठरवणार मळेवाला. महिना पाच रुपये मिळवणाऱ्या माणसाने हिवतापात आठवडाभर अंथरूण धरले, तर त्याचा अर्धा महिना गेला. अशा हिशेबात पाच वर्षांच्या शेवटी गाठीला काय उरणार? गावी पैसे धाडण्याचे गणित अनेकांच्या बाबतीत येथेच फसले.

१२/
अंगमेहनतीचे स्वरूपही नवे. मॉरिशस ज्वालामुखीतून वर आलेले बेट आहे. जमिनीत जिकडेतिकडे काळे दगड. ऊस लावायचा तर आधी ते दगड हातांनी वेचून बाजूला रचायचे. उसाच्या शेतांमध्ये पिरॅमिडसारखे दगडांचे उंच ढीग आजही उभे दिसतात. ते गुलामांच्या आणि त्यांच्यामागून आलेल्या मजुरांच्या हातांचे काम आहे. पहाटे काळोखात हजेरी, दिवसभर खुरपणी वा तोडणी आणि तोडणीच्या मोसमात कारखान्यात रात्रपाळी. मजुरांच्या टोळीवर सिरदार नेमलेला असे. तो बहुधा त्यांच्यापैकीच एक आणि अनेकदा भरती करून आणणाराही तोच.

१३/
या दगडांची एक विलक्षण गोष्ट आहे, जी त्या मजुरांना ठाऊक असणे शक्य नव्हते. भूगर्भशास्त्र असे सांगते की, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा ज्या तप्तबिंदूतून उसळला, त्याच तप्तबिंदूवर पुढे मॉरिशस घडले. भारतीय भूखंड उत्तरेकडे सरकत गेला, तप्तबिंदू मागे राहिला. त्याने वाटेत लक्षद्वीप आणि छागोसच्या समुद्राखालील रांगा निर्माण केल्या, सुमारे ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस उचलले आणि आज तो शेजारच्या रेयुनियाँ बेटाखाली धगधगतो आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण आणि मॉरिशसच्या शेतातील काळा दगड ही एकाच चुलीतली राख आहे.

१४/
राहण्याची जागा म्हणजे मळ्यावरचा ‘कॅम्प’. ओळीने बांधलेल्या झोपड्या, वर उसाच्या पाचटाचे किंवा गवताचे छप्पर. आजही मॉरिशसमधील कित्येक वस्त्यांच्या नावांआधी ‘कां’, म्हणजेच कॅम्प, हा शब्द लागतो. कोकणी माणसाला गवती छप्पर नवे नव्हते. नवे होते ते वादळ. २९ एप्रिल १८९२ रोजी आलेल्या चक्रीवादळात हजाराहून अधिक माणसे मेली आणि पोर्ट लुई शहराचा मोठा भाग काही तासांत जमीनदोस्त झाला. मोसम सरत आला आहे, अशा समजुतीत लोक असताना हे वादळ आले होते. मालकांच्या दगडी घरांची छपरे जेथे टिकली नाहीत, तेथे पाचटाची काय कथा?

१५/
हवामान बेटभर सारखे नव्हते, हेही शिकावे लागले. पश्चिम किनारा वाऱ्याच्या आडोशाला असल्याने उष्ण आणि कोरडा. तेथे वर्षाला सुमारे ९०० मिलिमीटर पाऊस. मध्यभागीच्या पठारावर मात्र ४,००० मिलिमीटरच्या आसपास. दोन्हींमध्ये काही तासांच्या पायपिटीचे अंतर. मराठी वस्ती या दोन्ही प्रकारच्या प्रदेशांत झाली. पश्चिमेकडे ब्लॅक रिव्हर जिल्हा आणि कास्कावेल. पठाराकडे वाक्वा आणि कात्र बोर्नचा परिसर. कोकणातील पावसाची खरी आठवण होणार ती पठारावर. फक्त तो पाऊस माघातही पडणार होता.

१६/
ताटात काय होते? करारातील शिधा म्हणजे दिवसाला सुमारे दोन पौंड तांदूळ, थोडी डाळ, मीठ आणि तेल. भात खाणाऱ्या कोकणी माणसाला हा दिलासा वाटला असणार. परंतु हा तांदूळ बेटावर पिकत नव्हता. तो हिंदुस्थानातून जहाजाने येई. चांगली जमीन सगळी उसाखाली. म्हणजे ज्याने जन्मभर भात पिकवला, तो आता भात विकत घेणारा झाला. खाण्याची चव तीच राहिली, पण खाणाऱ्याचे जमिनीशी असलेले नाते पालटले. या परावलंबनाची किंमत पुढे दुसऱ्या महायुद्धात कळली. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतल्यावर तांदळाची आवक आटली आणि साऱ्या बेटाला मका व कसाव्यावर दिवस काढावे लागले.

१७/
उरलेल्या ताटासाठी परसबाग कामी आली. नारळ, चिंच, आंबा आणि फणस बेटावर होतेच. विलायती फणस, ज्याला येथे ‘फ्रियापेन’ म्हणतात, तोही होता. ओढ्याकाठच्या आणि परसातल्या पालेभाज्यांना क्रिओल भाषेत ‘ब्रेद’ असे एकच नाव. त्या भाताबरोबर खाण्याची पद्धत गुलामांपासून चालत आलेली. मजुरांनी ती उचलली आणि त्यात आपली फोडणी घातली. झोपडीमागे भाजी लावायची, एखादी गाय पाळायची, दूध विकायचे. कराराच्या कागदात नसलेली पहिली मिळकत अशी परसातून आली.

१८/
भाषेचा पेच दुहेरी होता. मालक फ्रेंच बोलत, सरकार इंग्रजीत लिही आणि मळ्यावर चाले ती क्रिओल. फ्रेंच शब्दांतून गुलामांनी घडवलेली ही बोली बेटावरील सर्वांची समाईक भाषा होती. हिंदुस्थानी मजुरांत भोजपुरी बोलणारे सर्वाधिक, त्यामुळे कॅम्पावर दुसरी चलती भाषा भोजपुरी. मराठी बोलणारा माणूस अशा रीतीने अल्पसंख्यांतलाही अल्पसंख्य. त्याने सिरदाराशी भोजपुरीत, दुकानदाराशी क्रिओलमध्ये आणि चुलीपाशी मराठीत बोलायचे. पहिल्या पिढीने हे साधले. मराठी टिकवण्याचा प्रश्न तिसऱ्या पिढीपुढे उभा राहिला.

१९/
चुलीपाशी बोलण्यासाठी चूल हवी आणि घरात बाईमाणूस हवे. सुरुवातीच्या जहाजांत स्त्रिया अगदी थोड्या होत्या. पुढे सरकारने जहाजागणिक स्त्रियांचे किमान प्रमाण ठरवून दिले आणि १८५० च्या दशकापासून कुटुंबे वाढली. परंतु येथेही कायदा आडवा आला. धार्मिक विधीने लागलेले लग्न सरकारी दफ्तरात नोंदवले नसेल, तर ते कायद्याच्या दृष्टीने लग्नच नव्हे. बायकोचा, मुलांचा आणि वारशाचा हक्क त्या नोंदीवर अवलंबून. अंतरपाट धरून आणि अक्षता टाकून झालेला संसार कागदावर नसल्यासारखाच राहत असे.

२०/
पाच वर्षे पुरी झाल्यावर काय? मूळ करारांत परतीचा प्रवास फुकट होता. १८५० च्या दशकाच्या सुरुवातीस ती सवलत काढून घेण्यात आली. आता परतायचे तर भाडे पदरचे. एकूण आलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोक मायदेशी परतले. उरलेल्यांनी हाडे तेथेच ठेवली. काहींनी स्वखुशीने, काहींनी भाड्याला पैसे नव्हते म्हणून. राहिलेल्या माणसाला कायद्याच्या भाषेत ‘जुना स्थलांतरित’ म्हणत. त्याचा करार संपला होता, पण तो मोकळा झाला नव्हता.

२१/
१८६७ च्या कायद्याने प्रत्येक जुन्या स्थलांतरिताला स्वतःच्या छायाचित्राचे तिकीट आणि पोलिसी पास जवळ बाळगणे सक्तीचे झाले. आपल्या जिल्ह्याबाहेर तिकिटाविना सापडला, तर तो ‘भटक्या’ म्हणून तुरुंगात. हरवलेले तिकीट पुन्हा काढायचे, तर पैसे भरा. मोकळेपणाने राहणे एवढे अवघड करायचे की माणसाने कंटाळून पुन्हा करारावर सही करावी, हा त्यामागचा उघड हेतू होता. नव्या बेटाशी जुळवून घेण्यात ऋतू, अन्न आणि भाषा यांचा अडसर होता, तो माणसाने पार केला. सर्वांत उंच भिंत मात्र कायद्याची होती.

२२/
आणि नेमका याच वर्षी निसर्गाचाही घाला पडला. मॉरिशसमध्ये पूर्वी हिवताप नव्हता, कारण तो पसरवणारे डासच बेटावर नव्हते. १८६० च्या दशकात ते जहाजांतून आले. १८६७ या एका वर्षात तीस हजारांहून अधिक माणसे दगावली. पोर्ट लुईतील सधन कुटुंबे थंड हवेच्या क्युरपिपकडे निघून गेली. मजुराला तिकिटाविना जिल्हा ओलांडण्याची मुभा नव्हती. पुढे १९०७-०८ मध्ये हिवतापाचा अभ्यास करण्यासाठी रोनाल्ड रॉस याच बेटावर आले. डासांमधून हिवताप पसरतो, हे त्यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादेत शोधले होते.

२३/
१८७१ मध्ये आदोल्फ द प्लेविट्झ या युरोपीय मळेवाल्याच्या पुढाकाराने जुन्या स्थलांतरितांनी एक अर्ज केला. त्यावर ९,४०१ जणांच्या सह्या आणि अंगठे होते. पास, अटक, दुहेरी कपात आणि थकलेली मजुरी यांची त्यात तक्रार होती. प्लेविट्झला मळेवाल्यांचा रोष पत्करावा लागला आणि भर रस्त्यात मारही खावा लागला. परंतु १८७२ मध्ये शाही आयोग आला, त्याचा अहवाल १८७५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १८७८ मध्ये कामगार कायदा सुधारला गेला. स्वतःला रहिवासी म्हणून वागवावे, असे या लोकांनी प्रथमच एकत्रितपणे लेखी मागितले होते.

२४/
त्याच सुमारास साखरेचे भाव घसरू लागले आणि मळेवाले कडेची, खडकाळ जमीन तुकडे पाडून विकू लागले. ती विकत घेणारे बहुतेक हिंदुस्थानी होते. परसातल्या दुधाचे, भाजीचे आणि सिरदारकीचे साठवलेले पैसे तेथे लागले. कॅम्पाबाहेर स्वतःच्या जागेवर घर उभे राहिले, म्हणजे गाव तयार झाले. गाव तयार झाले की देऊळ आले. कास्कावेलला आज विठ्ठल-रखुमाईचे मंदिर आहे. पंढरपूर मागे राहिले, पण विटेवरचा देव पुढे आला.

२५/
एन्रिएता गावात १८९६ मध्ये मॉरिशसमधील पहिला गणेशोत्सव झाला, असे मानले जाते. टिळकांनी पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिल्याला तेव्हा तीनच वर्षे झाली होती. मॉरिशसचा उत्सव मात्र पुण्याहून अधिक कोकणाशी नाते सांगणारा आहे. रत्नागिरीची जाखडी तेथे ‘झाकरी’ या नावाने जिवंत राहिली. गोल धरून, ढोलकी-झांजेच्या तालावर, गणपतीपुढे नाचायचे. गोंधळही टिकला. लिपी विसरली, आडनाव बदलले, गावाचे नाव पुसट झाले. पावलांचा ठेका मात्र विसरला नाही. तोंडपाठ गोष्टींना कागद लागत नाही.

२६/
१९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून हिंदुस्थानाकडे येताना मोहनदास गांधी येथे सुमारे तीन आठवडे थांबले. मुलांना शिकवा आणि राजकारणात लक्ष घाला, असा त्यांचा सल्ला होता. १९०७ मध्ये बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर आले. त्यांनी न्यायालयात मजुरांची बाजू मांडली आणि ‘हिंदुस्थानी’ हे पत्र काढले. १९१० मध्ये गिरमिट भरती थांबली. पुढे १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले. तिकीट दाखवल्याविना जिल्हा न ओलांडू शकणाऱ्यांचे वंशज आता मतपेटीने सरकार निवडत होते.

२७/
या इतिहासातून काय लक्षात घ्यावे? जुळवून घेणे म्हणजे जुने सोडणे आणि नवे स्वीकारणे, एवढे सोपे नसते. काय सोडायचे, हे अनेकदा माणसाच्या हाती नसते: आडनाव कारकुनाने बदलले, ऋतू पृथ्वीने उलटवले, शेती मळ्याने हिरावली. काय धरून ठेवायचे, एवढेच त्याच्या हाती राहते. कोकणी मजुराने हंगामाशी फारकत झालेली तिथी धरून ठेवली. पावसाळ्यातला गणपती त्याने कोरड्या हिवाळ्यात, एका दिवसाला दोन दिवसांची मजुरी गमावण्याचा धोका पत्करून बसवला.

२८/
आज मॉरिशसच्या लोकसंख्येत मराठी समाज साधारण दोन टक्के मानला जातो. तरीही गणेश चतुर्थी ही तेथे राष्ट्रीय सुट्टी आहे. २ नोव्हेंबर हा गिरमिटिया मजुरांच्या आगमनाचा दिवस आणि १ फेब्रुवारी हा गुलामगिरीच्या अंताचा दिवस, या दोन्ही दिवशीही सुट्टी असते. पोर्ट लुईचे ते आगार ‘आप्रवासी घाट’ या नावाने २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. सोळा पायऱ्या अजून तेथे आहेत. आणि भाद्रपदात, तोडणीच्या मोसमात, उसाच्या शेतांमधून गणपतीची मिरवणूक समुद्राकडे निघते. त्या दिवसाची मजुरी आता कोणी कापत नाही.